एक फूल चालेल का

तुम्ही शब्द दिलात आणि विसरलात. खोटं बोलणाऱ्याला निदान स्वतःचं खोटं लक्षात ठेवावं लागतं, तुम्ही तेवढेही कष्ट घेतले नाहीत. फेब्रुवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमाराला, तुमच्या कचेरीच्या खालच्या हॉलमध्ये तेवीस माणसं ताटकळत बसलेली असताना रोसमिरा ओयोला या बाईनं तुम्हाला जिन्याच्या पायरीशी गाठलं आणि विचारलं, "डॉक्टर, माझ्या फाइलचं काय झालं?" तुम्ही डॉक्टर नाही. इबागे शहरात गळ्यात टाय असलेल्या कुणालाही डॉक्टर म्हणतात, तसे तुम्ही डॉक्टर. तुम्हाला घाई होती. कोपऱ्यातल्या कुंडीकडे बोट करून तुम्ही म्हणालात, "बाई, त्या झाडाला ज्या दिवशी फूल येईल ना, त्या दिवशी मी स्वतः वरच्या कपाटातून तुमची फाइल खाली आणून देईन." सहा वर्षांत त्या झाडाला फूल आलेलं नव्हतं, हे हॉलमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं. हॉल हसला. दारावरचा एल्बेर हसला, खुर्च्यांवरची माणसं हसली, कारण तुमच्या विनोदाला हसलं तर आपला कागद लवकर हलेल असं प्रत्येकाला वाटत असतं. मीही हसलो. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे नंतर तुम्ही ते माझ्याविरुद्ध वापरायला नको. फक्त रोसमिरा हसली नाही. बाजारात कोंबडी पारखावी तसं तिनं त्या झाडाकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "एक फूल चालेल का, डॉक्टर?" तुम्ही "चालेल, चालेल" म्हणत जिना चढून गेलात.

मी आर्नुल्फो दुकुआरा. तुमच्या दारासमोरच्या फुटपाथवर छत्रीखाली टाइपरायटर घेऊन सत्तावीस वर्षं बसतो. ज्यांना लिहिता येत नाही, किंवा लिहिता येतं पण तुमच्याशी कसं बोलावं ते कळत नाही, त्यांचे अर्ज लिहून देतो. शाळेत मी तिसरीपर्यंत गेलो. पुढचं सगळं गुळाच्या ढेपांना गुंडाळून आलेल्या जुन्या वर्तमानपत्रांतून शिकलो, त्यामुळे माझी भाषा तुमच्या पत्रांसारखी गुळगुळीत नाही आणि ती तशी व्हावी अशी माझी इच्छाही नाही. त्या सकाळी मी हॉलमध्ये शिरलो होतो तो नळावर बाटली भरायला. हसलो, बाटली भरली, परत छत्रीखाली येऊन बसलो, आणि मग ते हसणं काही केल्या खाली उतरेना. केळीच्या पानात बांधून उकडलेला तमाल खाताना पानावरच्या दोऱ्याचा तुकडा घासाबरोबर गेला तर जसं होतं तसं. समोर एक म्हातारा आपल्या विजेच्या बिलाची तक्रार सांगत होता, माझी बोटं चालत होती, आणि कानात तेवीस माणसांच्या हसण्यात माझं हसणं वेगळं ओळखू येत होतं. जरा उशिरा सुरू झालेलं, इतरांपेक्षा जरा मोठं. माणूस मोठ्यानं हसतो तेव्हा तो काहीतरी झाकत असतो. मला त्या बाईची भीती वाटते. अकरा वर्षं मी तिचे अर्ज लिहितो आणि अकरा वर्षं मला तिची भीती वाटते, हे त्या म्हाताऱ्याच्या बिलाचा आकडा टाइप करताना मला पहिल्यांदा नीट कळलं.

तिचा अर्ज मला तोंडपाठ आहे. तुम्हालाही असायला हवा होता. 'माझी मुलगी नुबिया, तेव्हाचं वय वर्षं पाच. १९८५ साली नेवादो ज्वालामुखीचा बर्फ वितळून आलेल्या चिखलाखाली आमचं आर्मेरो गाव गेलं, त्यानंतर तिसऱ्या दिवशी एका नर्सनं माझ्या मुलीला जिवंत पाहिलं. हेलिकॉप्टरनं इबागेला आणलेल्या मुलांमध्ये ती होती. या मुलांची यादी झाली होती. ती यादी मला दाखवण्यात यावी.' एवढंच. तिला भरपाई नको, भाषण नको, स्मारक नको. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ती ग्वायाबालहून अडीच तास बसमध्ये बसून येते, आणि पंधरा कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचा कायदा आहे म्हणून बरोबर पंधराव्या दिवशी तुमचं उत्तर निघतं: आपला अर्ज संबंधित विभागाकडे पाठवण्यात आला आहे. संबंधित विभाग म्हणजे तुम्हीच. 'यादी' हा शब्द टाइप करताना माझं बोट दर वेळी अडखळतं. त्याबद्दल लिहीन. आधी झाड.

झाड तुम्हीच आणलंत. मंत्री येणार होते तेव्हा, फुललेलं, रुंद हिरव्या पानांमधून नऊ पांढरी फुलं वर काढलेलं. फूल कसलं, ते एक पांढरं पानच, आणि त्याच्या ओंजळीत कोवळ्या कणसासारखी दांडी. इथे त्याला मोशेचा पाळणा म्हणतात. कुंडीच्या बुडाला तुम्ही मालमत्ता क्रमांकाची पत्र्याची पट्टी ठोकलीत, त्यामुळे ते आता टेबल-खुर्च्यांसारखं सरकारी आहे आणि दाराबाहेर जाऊ शकत नाही. मंत्री गेले, फुलं तपकिरी झाली, आणि पुढे सहा वर्षं नुसती पानं. ती मात्र काय पानं! एकेक वल्ह्याएवढं. ती पुसून पुसून चकचकीत ठेवली इस्मेनिया तिकेनं, जी तुमच्या तिन्ही मजल्यांवर सकाळ-दुपार कॉफी वाटते आणि जिचं आडनाव तुम्हाला ठाऊक नाही.

त्या मंगळवारी दुपारी इस्मेनिया थर्मास घेऊन छत्रीखाली आली. रोसमिरा तिथे माझ्या उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून डब्यातला भात खात होती. इस्मेनियानं आधी मलाच धारेवर धरलं. "काय हो आर्नुल्फोभाऊ, दात दाखवायची स्पर्धा होती का आत?"

"सगळेच हसले," मी म्हणालो.

"सगळे शेण खातील, तुम्हीही खा मग." तिनं रोसमिराला कप भरून दिला. "ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्या माणसाच्या जिभेला हाड नाही."

रोसमिरा म्हणाली, "मनाला काय लावायचं? बोललेत ना ते? ऐकलं ना सगळ्यांनी? मग झालं." आणि घास गिळून, "इस्मेनियाताई, त्या झाडाला तुम्ही काय घालता?"

"काय नाही घालत ते विचारा! थर्मासात उरलेली कॉफी, कपांत उरलेली कॉफी, गाळणीतला चोथा. एक थेंब वाया जाऊ देत नाही. पोटच्या पोरीसारखं केलंय मी त्याचं."

"गुळासकट?"

"मग काय कडू पाजू?"

रोसमिरानं डब्याचं झाकण लावलं. इस्मेनियाला वाईट वाटू न देता कसं सांगावं याचा विचार करत होती ती, आणि तिच्यासारख्या बाईनं तो विचार करावा याचं मला तेव्हाही आश्चर्य वाटलं. मग ती म्हणाली, "आमच्या ओढ्यात कॉफी नव्हती हो." आणि ती सांगत गेली. तिच्या माहेरच्या ओढ्याकाठी ही पानं शेकड्यानं उगवायची, कुणी लावायचं नाही. पाय गाळात, डोक्यावर मोठी झाडं, मधून झिरपणारा उजेड. कोरड्या महिन्यांत पानं लोळागोळा होऊन जमिनीला लागायची, मेलीच म्हणायचं. मग पाणी यायचं, पानं उठून बसायची, आणि काही दिवसांनी सगळा काठ पांढरा. "तुमचं झाड खाऊन खाऊन नुसतं अंगानं वाढलंय. इतकं भरल्या पोटी त्याला फुलायची काय गरज? आणि त्या कोपऱ्यात त्याला दिवस कधी उजाडतो?"

इस्मेनियाचा चेहरा मी विसरणार नाही. सहा वर्षं जे प्रेमानं केलं त्यानंच फूल अडवलं, हे कळल्यावर माणूस दोनपैकी एक करतो. चिडतो, नाहीतर सांगणाऱ्याला वेड्यात काढतो. मी दोन्ही केलं असतं. ती नुसती थर्मासकडे बघत राहिली, मग म्हणाली, "माझा मावसभाऊ नर्सरीत आहे. तो मागे सांगत होता, विकायच्या आधी औषध फवारतात म्हणून सगळी झाडं एकदम फुलतात. पहिलं फूल औषधाचं, दुसरं फूल झाडाचं स्वतःचं. मला वाटलं, थापा मारतोय." आणि उठता उठता मला, "एक पाटी लिहा. झाडाला कॉफी पाजू नये, हुकमावरून."

"कुणाच्या हुकमावरून?"

"लिहा हो नुसतं! हुकूम म्हटलं की इथे कुणी पुढचं विचारत नाही."

ती पाटी अजून आहे. तुम्ही तिच्यावरून रोज गेलात. हॉलमधल्या रांगेला त्यानंतर दुसरा विषयच उरला नाही. कुणी म्हणालं अंड्याची टरफलं, कुणी तांदळाचं धुवण, कुणी म्हणालं गंजका खिळा पुरा, आणि एका बाईनं तर झाडाला धमकी द्यायला सांगितलं, सुरी हातात घेऊन, तिच्या आजोळी लिंबाला तसंच करायचे म्हणे. इस्मेनियानं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि रोसमिरा सांगेल तेवढंच केलं. आधी साचलेली कॉफी धुवून काढण्यासाठी मातीतून बादल्यांमागून बादल्या पाणी घातलं. तेही रात्रभर उघडं ठेवलेलं, नळाच्या पाण्याचा औषधी वास उडून जावा म्हणून. कुंडी बदलली नाही, कारण मुळांना जरा दाटी हवी. पिवळी पानं अगदी बुडातून कापली. रविवारी घरी लेचोना, म्हणजे अख्खं भाजलेलं डुक्कर, झाला की त्याची हाडं चुलीत राख होईस्तोवर भाजून, पाट्यावर कुटून ती डब्यातून आणायची आणि चिमूटभर मातीत कालवायची. एल्बेर दारातून ओरडायचा, "मावशी, झाडाला लेचोना आणि मला नुसता वास?" ती म्हणायची, "तू फूल दे, तुलाही घालीन."

पण उजेड कुठून आणायचा? हॉलला एकच मोठी खिडकी आहे, आणि तिच्यावर तुमचा फोटो आहे. छतापासून खालच्या चौकटीपर्यंत तुम्ही, हसताना, खाली 'आपली सेवा, आमचा आनंद'. दुपारी ऊन मागून पडलं की तुमचे दात उजळतात आणि हॉलमध्ये दिवे लावावे लागतात. मी रीतसर अर्ज केला, मार्चमध्ये, की सदर फलक चार हात डावीकडे सरकवण्यात यावा, कारण हॉलमधल्या सरकारी मालमत्तेस सूर्यप्रकाशाची गरज आहे. मालमत्ता क्रमांकही लिहिला. पंधराव्या दिवशी उत्तर आलं, संबंधित विभागाकडे पाठवण्यात आला आहे. त्या दिवशी इस्मेनियानं माझ्या हातातून ते पत्र घेतलं, वाचलं, घडी करून माझ्या हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं कुंडी उचलायला सुरुवात केली.

छत्रीची जागा धरायला मी साडेपाचला येतो. खालचा हॉल आणि वरचा मजला यांच्या मध्ये तुमच्या जिन्याला पूर्वेकडे काच आहे, ती माझ्या टेबलावरून दिसते. सहाला दिवे लागायचे, आणि मग त्या काचेत खालून वर एक हिरवा डोलारा यायचा, त्यामागे इस्मेनिया. कंबरेवर मूल घ्यावं तशी कुंडी घेऊन, एक हात कठड्याला. अठरा पायऱ्या. तिचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं आहे. काचेपासून हातभर आत ठेवायची, ऊन अंगावर नको, नुसता उजेड हवा. मग तीन मजल्यांची झाडलोट, कॉफी, आणि आठला दार उघडायच्या आधी पुन्हा अठरा पायऱ्या खाली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघत नव्हतं, माझ्याशिवाय. मी आयुष्यभर शब्दांची मजुरी केली, न्याय, हक्क, विनंती, खाली सही. हे शब्द कागदावर इतक्या वेळा उमटवले की त्यांचा आवाज मला आता फक्त टाइपरायटरच्या कळांचा आवाज वाटतो. आणि ती बाई एक अक्षर न लिहिता रोज सकाळी तेच सगळं कंबरेवर घेऊन जिना चढत होती. मला स्वतःचा राग यायचा. तिचा हेवाही वाटायचा. हळूहळू असं झालं की काचेत तो हिरवा डोलारा दिसल्याशिवाय मला दिवसाचा पहिला कागद चढवता येईना.

मे, जून. काही नाही. जुलैत तीन दिवसांची सुट्टी जोडून आली आणि आदल्या दिवशी इस्मेनियाला तापानं आठच्या आधीच घरी जावं लागलं. कुंडी जिन्यात तशीच राहिली, आणि एल्बेरनं भलेपणानं ती काचेला अगदी चिकटवून ठेवली. जास्त उजेड म्हणजे जास्त फूल, असा त्याचा हिशेब. मंगळवारी आलो तर चार मोठी पानं भाजून कागदासारखी झालेली आणि बाकीची कडेनं लोंबत होती. तो नेमका रोसमिराचा मंगळवार. इस्मेनिया तिच्यासमोर उभी राहिली, एप्रनला हात पुसत, पुसलेले हात पुन्हा पुसत. "माझी चूक, ताई. मी फोन करायला हवा होता." एल्बेर दारात खाली मान घालून उभा. रोसमिरानं कुंडीजवळ गुडघे टेकले, मातीत बोट खुपसलं, पानं एकेक उचलून पाहिली. मग म्हणाली, "पाणी द्या. घाबरलंय फक्त. घाबरलं की हे असंच अंग टाकतं. संध्याकाळपर्यंत बघा, उठेल." आणि भाजलेली पानं कापता कापता, अगदी सहज, कुणाशी तरी नव्हे तर त्या झाडाशीच बोलल्यासारखं, "माझी नुबियाही अशीच होती. नवखं माणूस समोर आलं की एकदम गप्प. लोकांना वाटायचं मुकी आहे. पण जरा थांबलं ना, जरा बाजूला बसून दिलं, की आपणहून बोलायची. नाव, गाव, मांजरीचं नाव, सगळं."

मी उठून बाहेर गेलो. छत्रीखाली बसलो. टाइपरायटरवर हात ठेवले तर बोटांना ओल्या ब्लँकेटचा वास होता. बोटांना वास कसा येईल, पण आला, चिखलाचा, डिझेलचा, भिजलेल्या लोकरीचा. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. आर्मेरो गेल्यानंतर इबागेतल्या एका शाळेत मुलं उतरवत होते, आणि माझ्याकडे स्वतःचा टाइपरायटर होता म्हणून मला तिथे बसवलं. तीन दिवस मी नावं टाइप केली. नाव, वय, आईबापांचं नाव, खूण. मुलं रांगेनं टेबलाशी यायची, चिखल वाळून तोंडं मातीच्या मुखवट्यांसारखी झालेली, डोळे तेवढे ओले. बारा नंबरला एक मुलगी आली. टेबलाची कड हातानं धरून उभी राहिली. मी विचारलं, नाव? ती माझ्याकडे बघत राहिली. पुन्हा विचारलं. मागे रांग होती, कुणीतरी ओरडत होतं, हेलिकॉप्टर पुन्हा उतरत होतं. मी टाइप केलं: बारा. मुलगी. अंदाजे पाच. नाव नाही. तिला बाजूला घेऊन गेले. टेबलाच्या कडेवर चिखलाची चार बोटं राहिली होती, ती मी फडक्यानं पुसली, कारण कागद खराब होईल. मी अर्धं मिनिट थांबलो नाही. तिला काही सांगायचं होतं की नव्हतं, ते कळायला अर्धं मिनिट पुरलं असतं. ती नुबियाच होती असं मी म्हणत नाही. त्या यादीत 'नाव नाही' अशा आणखीही ओळी होत्या, त्याही माझ्याच. पण अकरा वर्षं मी त्या बाईचा अर्ज लिहीत होतो आणि ती ज्या यादीचा ठावठिकाणा विचारत होती, ती माझ्या हातची होती, आणि हे मी तिला सांगितलेलं नव्हतं.

त्या दिवशी सांगितलं. ती बसला जायच्या आधी बादलीवर बसली होती, इस्मेनियानं तिच्या हातात गूळपाण्याचा कप दिला होता. मी सगळं सांगितलं, चार बोटांसकट. सांगताना तिच्याकडे पाहिलं नाही, टाइपरायटरवरच्या कोऱ्या कागदाकडे पाहिलं. मला वाटलं ती कप माझ्या तोंडावर फेकेल, आणि मी तयार होतो. कप तिच्या हातातच राहिला. मग तिनं विचारलं, "तुम्ही तेव्हा किती वर्षांचे होता?"

"बावीस."

"म्हणजे पोरच की." कप खाली ठेवला. "कागद कसला होता?"

"साधा. निळ्या पुठ्ठ्याच्या फाइलीत लावलेला. तिसऱ्या दिवशी या कचेरीचा माणूस आला आणि सही करून घेऊन गेला. मी समोर होतो."

ती उभी राहिली. तिचे गुडघे दुखतात, ती नेहमी टेबलाला धरून उठते, त्या दिवशी झटक्यात उठली. "म्हणजे यादी आहे," ती म्हणाली. "इस्मेनियाताई, ऐकलंत? इतकी वर्षं मला वाटत होतं मीच मनानं रचलीय. यादी आहे. यांनी बनवलीय." आणि मग तिनं माझा हात हातात घेतला, ज्या हातानं ती बोटं पुसली तोच, आणि मला म्हणाली, "आर्नुल्फोभाऊ, तेव्हा थांबला नाहीत. आता थांबा." माझ्या आयुष्यात मला इतकं कठीण आणि इतकं दयाळू कुणी काही बोललेलं नाही. माझ्या पापाचा तिनं पुरावा करून टाकला. मी रडलो नाही, कारण इस्मेनिया समोर होती आणि तिनं वर्षभर चिडवलं असतं. पण ती म्हणाली, "नाक पुसा, भाऊ," म्हणजे तिला दिसलंच होतं.

संध्याकाळपर्यंत झाड उठून बसलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका पानाच्या देठाला फुगवटा दिसला. इस्मेनिया म्हणाली नवीन पान असेल, एल्बेर म्हणाला रोग असेल. आठवड्यानं त्यातून हिरवी, घट्ट गुंडाळलेली, बोटाएवढी सुरळी बाहेर आली आणि रोज जराशी वर सरकत राहिली. हॉलमधली माणसं तिच्याजवळून जाताना आवाज खाली आणायची. आणि बुधवारी सकाळी सहाला जिन्याच्या काचेत हिरव्या डोलाऱ्याच्या वर काहीतरी पांढरं दिसलं. इस्मेनियानं कुंडी खाली ठेवली नाही. ती तशीच काचेशी उभी राहिली, कंबरेवर कुंडी, आणि मला दिसावं म्हणून फूल माझ्याकडे वळवून धरलं. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. रस्त्यात कुणी नव्हतं. मी टोपी काढली.

रोसमिराला फोन गेला. गुरुवारी ती आली, आपला मंगळवार सोडून, इस्त्रीचा ब्लाउज घालून. साडेनऊला तुम्ही आलात. फूल पाहिलंत, थांबलात, फोन काढून त्याचा फोटो घेतलात, मग त्याच्याशेजारी वाकून स्वतःचा. "वा, इस्मेनिया! छानच ठेवलंय." रोसमिरा पुढे झाली.

"डॉक्टर, फूल आलं."

"हो ना, फार सुंदर."

"एकच आहे."

"एकही पुरे होतं, बाई."

"मग फाइल?"

तुम्ही तिच्याकडे पाहिलंत, आणि तुमच्या चेहऱ्यावर खरोखर काहीही नव्हतं. "कुठली फाइल?"

खुर्च्यांवर एकतीस माणसं होती. या वेळी कुणी हसलं नाही. मीही नाही. दारावरून एल्बेर म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही बोलला होता. मी इथेच होतो." त्याचं कंत्राट डिसेंबरला संपतं आणि ते वाढवायचं की नाही ते तुमच्या हातात आहे, हे त्याला ते बोलताना माहीत होतं. इस्मेनिया म्हणाली, "मीही." तुम्ही फोनकडे पाहिलंत, मीटिंग आहे म्हणालात आणि अठरा पायऱ्या चढून गेलात, मोकळ्या हातांनी.

म्हणून हा अर्ज. तुमच्या उत्तरांसारखा तो एका ओळीचा नाही, कारण तुम्ही विसरता. खाली चार सह्या आहेत: इस्मेनिया तिके, दारावरचा एल्बेर, रोसमिरा ओयोला, आणि माझी, ओळखपत्रांच्या क्रमांकांसह आणि अंगठ्यांच्या ठशांसह. ज्या दोघांची नोकरी तुमच्या हातात आहे, त्यांनी सर्वात आधी सही केली. ज्यानं यादी टाइप केली तो यादी होती असं लिहून देतो आहे, आणि त्याच्या चुकीसकट लिहून देतो आहे. झाडानं आपलं काम केलं. तुमच्या औषधावर नाही, तुमच्या हुकमावर नाही, तुमच्या दातांआडच्या उजेडात तर नाहीच. ते फूल त्याचं स्वतःचं आहे. आणि हे लिहीत असताना इस्मेनिया निरोप घेऊन आली आहे की आणखी एका देठाला फुगवटा दिसतो आहे.

तुमच्याकडे पंधरा कामाचे दिवस आहेत. 'पाठवण्यात आला आहे' हे उत्तर नाही. रोसमिरा इथे माझ्या बादलीवर बसली आहे, ती जाणार नाही, आणि या वेळी मीही थांबलो आहे. निळ्या पुठ्ठ्याची फाइल कुठे आहे? बाराव्या ओळीतल्या मुलीला टेबलापासून उचलून तुम्ही कुठे नेलंत, आणि तिनं तिथे, कुणीतरी जरा थांबल्यावर, आपलं नाव काय सांगितलं?